'सीडी-११७ पॉझिटिव्ह' आहे, मग गोळी का देत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, शेतकरी. डाव्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून गावात दोनदा कापला, पुन्हा आला. आता बायोप्सीत मॅलिग्नंट मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग निघालाय, जांघेत गाठ लागते, बाकी स्कॅन स्वच्छ. रिपोर्टवर 'सीडी-११७ पॉझिटिव्ह' लिहिलंय. हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर असून त्यावर इमॅटिनिब नावाची स्वस्त गोळी मिळते, असं वाचनात आलं. डॉक्टर मात्र लाखांच्या घरातली इम्युनोथेरपी सांगताहेत. गोळी का नको? आणि हे रिसेप्टरवरचे उपचार म्हणजे नक्की काय?

तुम्ही वाचलंत ते खरंच आहे. सीडी-११७ म्हणजे किट नावाचा रिसेप्टर. तो मेलानोमाच्या पेशीवर असू शकतो, आणि इमॅटिनिब त्याला बंद करतं. तरीही एवढ्याच रिपोर्टवर मी इमॅटिनिब सुरू करणार नाही, आणि तुमचे डॉक्टर करत नाहीत ते बरोबर आहे. पेशीवर रिसेप्टर असणं वेगळं आणि त्या रिसेप्टरच्या जिवावर कर्करोग जगत असणं वेगळं. त्वचेच्या कर्करोगात कुठली औषधं चालली आणि कुठली आपटली, याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. वडिलांच्या स्लाइड आणि स्कॅन मी पाहिलेले नाहीत. अंतिम निर्णय त्यांना तपासणाऱ्यांचाच.

रिसेप्टर हा प्रथिनाचा लांबट रेणू. एक टोक पेशीबाहेर, मधला भाग आवरणातून आरपार, दुसरं टोक आत. बाहेरच्या टोकाला ठरावीक रेणू येऊन बसला की आतलं टोक कामाला लागतं आणि केंद्रकापर्यंत निरोप पोचतो. दारावरच्या बेलसारखंच, बटण बाहेर आणि घंटा आत. किटचं बटण दाबणारा रेणू म्हणजे स्टेम सेल फॅक्टर. गर्भात रंगपेशी, म्हणजे मेलानोसाइट, पाठीच्या बाजूने निघून साऱ्या त्वचेत पसरतात, त्या प्रवासाला किट लागतं. ज्यांच्यात जन्मतःच किटच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा आणि त्यावर केसांची पांढरी बट दिसते. लोक त्याला कोड समजतात. ते कोड नसतं, तिथे रंगपेशी पोचलेल्याच नसतात.

म्हणजे किट हा रंगपेशींचा नेहमीचा, घरचा रिसेप्टर आहे. त्या पेशींपासून झालेल्या मेलानोमावर तो सापडला तर त्यात नवल नाही. तुमच्या रिपोर्टमधली चाचणी फक्त तेवढंच सांगते. ट्यूमरच्या पातळ कापावर किटला चिकटणारी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन टाकतात, आणि जिथे रिसेप्टर असेल तिथे रंग उमटतो. हा रंग बहुतेक वेळा तपकिरी, आणि मेलानोमाचं स्वतःचं रंगद्रव्यही तपकिरी-काळं. त्यामुळे काळ्याकुट्ट ट्यूमरमध्ये चाचणीचा रंग कुठला आणि मूळचा कुठला हे ओळखताना पॅथॉलॉजिस्टचा कस लागतो; काही लॅब त्यासाठी मुद्दाम लाल रंग वापरतात. पण वाचन कितीही अचूक असलं तरी उत्तर 'रिसेप्टर आहे' इतकंच मिळतं.

इमॅटिनिबला हवी असते ती वेगळी परिस्थिती. किटच्या जनुकात ठरावीक जागी बदल झाला की रिसेप्टरचा आकार असा बिघडतो की स्टेम सेल फॅक्टर आला नाही तरी आतलं टोक चालूच राहतं. पावसाळ्यात बेलचं बटण आत अडकून बसावं आणि कोणी न दाबता घंटा वाजत राहावी, तसं. अशा पेशींना त्या निरोपाची सवय लागते आणि तो तोडला की त्या मरतात. इमॅटिनिब हा लहान रेणू आहे, पोटातून रक्तात आणि तिथून पेशीच्या आत शिरतो, आणि किटच्या आतल्या टोकातल्या खाचेत जाऊन बसतो. बटण अडकलेलं असो की नसो, वायर आतून तुटते. पण ज्या ट्यूमरमध्ये किट नुसता हजर आहे, वाढीचा निरोप भलतीकडूनच येतोय, तिथे ही वायर तोडून काय होणार?

हे अंदाजाने सांगत नाही. तळपाय, तळहात, नखाखाली होणाऱ्या मेलानोमात आणि तोंड, गुदद्वार वगैरे आतल्या अस्तरांवरच्या मेलानोमात किटचे बिघाड जास्त सापडतात, हे २००६ मध्ये पुढे आलं. तोवर इमॅटिनिब ल्युकेमियात आणि पोटातल्या एका दुर्मीळ ट्यूमरमध्ये गाजलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. मग अमेरिकेतल्या एका अभ्यासात २९५ मेलानोमा रुग्णांची तपासणी केली तेव्हा ५१ जणांच्या ट्यूमरमध्ये किटचा बिघाड निघाला. त्यातल्या २८ जणांना गोळी दिली आणि ज्या २५ जणांचं मूल्यमापन करता आलं त्यांतल्या १६ टक्क्यांमध्ये टिकाऊ परिणाम दिसला. त्याच वर्षी, २०११ मध्ये, चीनमधल्या ४३ रुग्णांच्या अभ्यासात साधारण २३ टक्के रुग्णांचे ट्यूमर आकसले, पण निम्म्या रुग्णांचा आजार साडेतीन महिन्यांच्या आत पुन्हा वाढू लागला होता. २०१३ मध्ये आणखी एक अभ्यास आला आणि त्याने खरा उलगडा केला. किटच्या जनुकात बदल होता त्या १३ जणांपैकी ७ जणांत गोळी लागू पडली. ज्यांच्यात जनुक धड होतं, फक्त त्याच्या प्रती वाढलेल्या होत्या, त्यांच्यात एकालाही नाही. रिसेप्टर भरपूर, गुण शून्य.

त्यातही प्रत्येक बदल सारखा नसतो. जनुकाच्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात; त्यातल्या एक्सॉन ११ आणि १३ मधले काही ठरावीक बदल इमॅटिनिबला दाद देतात. रिपोर्टवर ते एल-५७६-पी किंवा के-६४२-ई असे दिसतील. एक्सॉन १७ मधला डी-८१६-व्ही निघाला तर इमॅटिनिबचा उपयोग नाही, कारण त्या बदलाने औषध बसायची खाचच मोडते. म्हणून 'किट म्युटेशन पॉझिटिव्ह' एवढं एका ओळीत लिहून आलं तर लॅबला फोन करून विचारा, कुठला एक्सॉन, कुठला बदल.

तेव्हा वडिलांसाठी पहिलं काम म्हणजे जनुकीय तपासणी, आणि त्यात किटबरोबर बीरॅफ आणि एनरास ही जनुकंही पाहून घ्या. इथे दोन अडचणी नेहमी येतात. ट्यूमरमधलं मेलानिन डीएनएच्या चाचणीतच अडथळा आणतं. फार काळ्या गाठीचा नमुना कधी कधी 'निष्कर्ष नाही' म्हणून परत येतो. आणि दुसरी, आपल्याकडची जुनी, की तुकडा साध्या, बफर न घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये दिवसेंदिवस पडून राहतो आणि त्यातला डीएनए तुकडे तुकडे होऊन जातो. लॅब मग पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, पुन्हा मागते. त्यामुळे नुसत्या स्लाइड घेऊन फिरू नका. जिथे बायोप्सी झाली तिथून ब्लॉक लेखी अर्ज देऊन घ्या. तो तुमचा हक्क आहे. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, पण तोवर बाकीची कामं थांबवायची नाहीत.

बीरॅफचा उल्लेख केला म्हणून सांगतो, कारण नातेवाईक हमखास गल्लत करतात. बीरॅफ हा पृष्ठभागावरचा रिसेप्टर नाही, तो पेशीच्या आत, रिसेप्टरच्या निरोपाच्या वाटेवर बसलेला आहे. त्यात व्ही-६०० हा बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिबची जोडगोळी झपाट्याने काम करते. आठवडाभरात गाठी मऊ पडलेल्या पाहिल्या आहेत. गोऱ्या लोकांच्या उन्हाने होणाऱ्या मेलानोमात हा बदल जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतो, तळपायाच्या मेलानोमात बराच कमी. आणि इथेही रिसेप्टर आडवे येतातच. ट्यूमरच्या आजूबाजूच्या पेशी एचजीएफ नावाचा रेणू सोडतात, तो मेलानोमावरच्या मेट रिसेप्टरला चिकटतो आणि बंद केलेल्या वाटेला वळसा घालून निरोप पुन्हा सुरू होतो. औषध बंद पडण्याचं हे एक कारण. बीरॅफचा बदल असलेल्या रुग्णांतही आधी इम्युनोथेरपी आणि मग गोळ्या हा क्रम सरस ठरला, दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७२ टक्के विरुद्ध ५२ टक्के.

आता तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या इम्युनोथेरपीकडे येतो. गंमत अशी की तीही रिसेप्टरवरचाच उपचार आहे. फक्त तो रिसेप्टर कर्करोगाच्या पेशीवर नाही, आपल्याच टी पेशीवर आहे.

टी पेशी ही शरीराची राखणदार पेशी. ती खवळली की आपल्याच अवयवांवर उठू नये म्हणून तिच्या पृष्ठभागावर आवर घालणारे रिसेप्टर असतात. त्यातले दोन महत्त्वाचे, सीटीएलए-४ आणि पीडी-१. पीडी-१ चा शोध क्योतोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. सीटीएलए-४ ला अँटिबॉडीने झाकलं की उंदरांमधले ट्यूमर विरघळतात हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. मेलानोमा हुशार असा की टी पेशी जवळ आली, तिने हल्ल्याची रसायनं सोडली, की तो स्वतःच्या अंगावर पीडी-एल-१ नावाचा रेणू चढवतो. तो टी पेशीच्या पीडी-१ ला चिकटतो आणि टी पेशी थंड पडते. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅब ही अँटिबॉडी पीडी-१ वर आधीच जाऊन बसते, मग मेलानोमाला चिकटायला जागाच उरत नाही. अँटिबॉडी हा अवाढव्य रेणू असल्याने तो पेशीत शिरू शकत नाही आणि गोळीतून देता येत नाही, पोटात पचून जाईल. म्हणून सलाइनमधून किंवा इंजेक्शनने द्यावा लागतो.

याआधी काय परिस्थिती होती हे आठवणारे आम्ही लोक अजून प्रॅक्टिसमध्ये आहोत. डकार्बाझिन नावाची केमोथेरपी, आणि पसरलेल्या मेलानोमाचा रुग्ण वर्षभर टिकला तर खूप. २०१० मध्ये सीटीएलए-४ विरुद्धच्या इपिलिमुमॅबने सरासरी आयुष्य साधारण साडेसहा महिन्यांवरून दहा महिन्यांवर नेलं. आकडा किरकोळ वाटतो, पण त्या आलेखाची शेपटी सपाट होती. काही रुग्ण मरतच नव्हते. मग पीडी-१ ची औषधं २०१४ मध्ये आली, दोन्ही एकत्र देऊन पाहिली गेली, आणि ९४५ रुग्णांच्या त्या अभ्यासाचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पसरलेला मेलानोमा असूनही दहा वर्षांनी हयात: दोन्ही औषधं मिळालेल्यांत ४३ टक्के, एकट्या निवोलुमॅबवर ३७ टक्के, एकट्या इपिलिमुमॅबवर १९ टक्के. २०२२ मध्ये लॅग-३ या तिसऱ्या रिसेप्टरवरची रेलाटलिमॅब ही अँटिबॉडी निवोलुमॅबच्या जोडीने अमेरिकेत मंजूर झाली. निवोलुमॅबच्या जोडीने तिने आजार रोखून धरण्याचा काळ एकट्या निवोलुमॅबच्या साधारण साडेचार महिन्यांवरून दहा महिन्यांवर नेला, आणि इपिलिमुमॅबच्या मानाने त्रास कमी.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका, कारण तुमच्या वडिलांचा मेलानोमा टाचेवरचा आहे. वरच्या अभ्यासांतले बहुसंख्य रुग्ण गोरे, त्यांचे ट्यूमर उन्हाने झालेले. ऊन डीएनएत हजारो बारीक बिघाड करून ठेवतं आणि तेवढ्या प्रमाणात टी पेशींना 'हे आपलं नव्हे' असं ओळखायच्या खुणा मिळतात. तळपायाला ऊन लागत नाही. तिथल्या मेलानोमात अशा खुणा कमी, म्हणून पीडी-१ च्या औषधांना प्रतिसादही कमी. भारतात मेलानोमा मुळात कमी आणि जो होतो त्यात तळपाय-तळहात-नखांचा वाटा मोठा, त्यामुळे परदेशी आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. कमी म्हणजे नाहीच असं मात्र नव्हे. किटमध्ये योग्य जागी बदल नसेल तर आज तरी याहून चांगलं औषध हाताशी नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट आशादायक आहे. आजार जांघेपर्यंत थांबलेला दिसतोय. पण आधी त्या गाठीची सुई घालून तपासणी झाली आहे का? अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाच्या टाचेला जखम असेल तर साधं अवधाणही येतं. गाठीत मेलानोमा निघाला तर ऑपरेशनआधी इम्युनोथेरपी द्यायची की नंतर, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. हाताला लागणाऱ्या गाठी असलेल्या रुग्णांत ऑपरेशनआधी इपिलिमुमॅब-निवोलुमॅबचे दोनच डोस देऊन पाहिले, तेव्हा वर्षभर आजार न उलटणाऱ्यांचं प्रमाण ८४ टक्के आलं. आधी ऑपरेशन आणि नंतर औषध दिलेल्यांत ५७ टक्के. कारण सरळ आहे. गाठ शरीरात असताना टी पेशींना ओळखायला माल भरपूर असतो, गाठ काढून टाकल्यावर काय ओळखणार? शिवाय त्यातल्या ५९ टक्के रुग्णांच्या काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोग जवळपास उरलाच नव्हता, आणि त्यांना पुढचं औषध द्यावं लागलं नाही. खर्चाच्या दृष्टीने ही बारीकसारीक बाब नाही.

खर्चाचं निघालंच आहे तर. इमॅटिनिब आपल्याकडे स्वस्त आहे त्यामागे मोठा न्यायालयीन लढा आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी जेनेरिकचा मार्ग मोकळा राहिला. अँटिबॉडीची गोष्ट वेगळी. ती रसायनांच्या भट्टीत तयार होत नाही, जिवंत पेशींच्या टाक्यांतून काढावी लागते, आणि तिची नक्कल करणं खूप खर्चिक. कमी डोसबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत देऊन पाहिलं, आणि एका वर्षानंतर हयात असणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घ्या. त्यामागचं तर्कशास्त्र रिसेप्टरचंच आहे. टी पेशींवरचे पीडी-१ थोड्याशा औषधातही बहुतांश व्यापले जातात, त्यापुढे औषध ओतून फारसं वाढत नाही. पण तो पुरावा डोकं-मानेच्या कर्करोगाचा आहे, रुग्णही असे होते की ज्यांच्यापुढे बरं होण्याचा पर्याय नव्हता. तुमच्या वडिलांचा आजार अजून पूर्ण काढता येण्यासारखा असताना मी स्वतःहून डोस कमी करणार नाही. पैसेच नसतील तर, आणि काहीच न देण्यापेक्षा म्हणून, ती चर्चा होऊ शकते. कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत विचारा, तिसऱ्या डोसला नको.

औषधाचा त्रास हा विषय घाईने उरकण्यासारखा नाही. टी पेशीचा आवर काढला की ती कर्करोगावर जाते तशी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर, यकृतावर, क्वचित हृदयावरही जाऊ शकते. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर स्वरूपाचा त्रास होतो, एकट्या पीडी-१ च्या औषधाने बऱ्याच कमी जणांना. आपल्याकडे धोका असतो तो वेगळाच. दुसऱ्या डोसनंतर एका आजोबांना जुलाब लागले. आजी म्हणाल्या, लग्नात जेवले, बाधलं असेल. कोपऱ्यावरच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस दह्या-भातावर ठेवलं. ओपीडीत आले तेव्हा दिवसाला दहा-बारा वेळा, रक्तासकट. ते अन्न बाधलेलं नव्हतं, आतड्यावर टी पेशींनी केलेला हल्ला होता, आणि त्यावर स्टेरॉइडच लागतं, तेही लवकर. आजोबा सावरले. तेव्हापासून पहिल्या डोसच्या दिवशीच मी पेशंटला नाही, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून सांगतो: जुलाब, कोरडा खोकला, दम, अतिथकवा, लघवी गडद, अचानक तहान, यांतलं काहीही झालं तर आधी फोन, मग घरगुती उपाय. आणि हे शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही होऊ शकतं.

एक त्रास मात्र आम्हाला मनातून आवडतो. मेलानोमाच्या रुग्णाला या औषधांवर कोड उठलं तर टी पेशी रंगपेशींवर तुटून पडल्याची ती खूण असते, आणि अशा रुग्णांत औषध लागू पडल्याचं जास्त दिसतं. घरचे मात्र कर्करोगाहून कोडालाच घाबरतात. एका घरात मुलीचं लग्न ठरायचं होतं म्हणून उपचार बंद करता येतील का असं विचारलं गेलं. तिथे अर्धा तास बसून समजवावं लागलं की हे कोड औषधामुळे आलंय, आनुवंशिक नाही, मुलीला काही होणार नाही. इमॅटिनिबनेही त्वचेचा रंग उजळतो, किट रंगपेशींचाच रिसेप्टर असल्यामुळे. त्याची तक्रार घेऊन मात्र फारसं कोणी येत नाही!

बाकीच्या त्वचा-कर्करोगांबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही रिसेप्टरचं सर्वसाधारणच विचारलंय. चेहऱ्यावर हळूहळू पसरणारा बेसल सेल कार्सिनोमा बहुतेक वेळा साध्या ऑपरेशनने बरा होतो. जो हाताबाहेर जातो त्याची कथा पाहण्यासारखी आहे. पेशीच्या आवरणावर पॅच्ड नावाचा रिसेप्टर असतो आणि त्याचं काम शेजारच्या स्मूदंड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवणं. बेसल सेलमध्ये पॅच्डच मोडलेला असतो, त्यामुळे स्मूदंड मोकाट सुटतं. मोडलेल्या रिसेप्टरवर औषध कसं चालणार? म्हणून औषध शोधलं गेलं स्मूदंडवर. त्याचा माग अमेरिकेतल्या आयडाहोत १९५० च्या दशकात लागला होता. तिथे गाभण मेंढ्या रानातली एक लिलीसारखी वनस्पती खायच्या आणि कपाळात एकच डोळा असलेली कोकरं जन्मायची. त्या वनस्पतीतलं सायक्लोपामाइन स्मूदंडला बंद पाडतं हे पुष्कळ वर्षांनी कळलं आणि त्याच धाग्यावरून व्हिस्मोडेगिब तयार झालं. जानेवारी २०१२ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. जागच्या जागी फोफावलेल्या आजारात ४३ टक्के रुग्णांना त्याचा गुण आला. तोंडाची चव जाते, पायात गोळे येतात, केस गळतात, पण नाक-डोळा वाचतो. गरोदरपणात मात्र पूर्ण वर्ज्य. कोकरांचं काय झालं ते वर आलंच आहे.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमात ईजीएफआर हा रिसेप्टर पेशीवर अक्षरशः खच्चून भरलेला असतो. आमचा सगळ्यांचा समज होता की इथे सेटुक्सिमॅब ही ईजीएफआरवरची अँटिबॉडी कमाल करणार. ३६ रुग्णांच्या अभ्यासात २८ टक्क्यांना गुण आला, फार काळ टिकला नाही, आणि चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ आलं ते वेगळंच. उलट त्या पेशीला हात न लावता टी पेशीवरच्या पीडी-१ ला झाकणारं सेमिप्लिमॅब पसरलेल्या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांना लागू पडलं. ऑपरेशनआधी ते दिलेल्या ७९ रुग्णांपैकी निम्म्यांच्या काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूसही नव्हता. पण त्या अभ्यासातलेही बहुतेक ट्यूमर उन्हाने झालेले, चेहऱ्या-डोक्यावरचे. आपल्याकडे हा कर्करोग जुन्या भाजलेल्या व्रणात, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेतही होतो. टाटा मेमोरियलचे वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती, तो याच जातीचा. अशा ट्यूमरमध्ये औषधाला किती यश येईल हे उन्हाच्या आकड्यांवरून ठरवू नये. आणि किडनी बदललेल्या रुग्णाला पीडी-१ चं औषध द्यायचं तर दहादा विचार करावा लागतो, कारण मोकळी सुटलेली टी पेशी पाहुण्या किडनीलाही सोडत नाही.

आता पुन्हा वडिलांकडे. पुढच्या भेटीला जाताना ब्लॉक, स्लाइड आणि आधी दोनदा कापलं तेव्हाचे काही कागद असतील तर तेही न्या; पहिल्या तुकड्याची जाडी कळली तर टप्पा नीट ठरतो. गावातल्या डॉक्टरकडे तो तुकडा तपासायला पाठवला होता का, तेही विचारा; नसेल तर नसेल, भांडत बसण्यात वेळ घालवू नका. टाचेवरचं ऑपरेशन पुरेशी कड सोडून व्हायला हवं, त्यासाठी कातडी दुसरीकडून लावावी लागते, चालणं महिनाभर बंद. शेतीची सोय आत्ताच लावा. क्षयरोग होऊन गेला असेल तर सांगा. आणि सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुठल्या पुड्या किंवा बिनानावाच्या गोळ्या चालू असतील तर त्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. अशा पुड्यांत सर्रास स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते चालू असताना इम्युनोथेरपी सुरू केली तर एका हाताने टी पेशी मोकळी करायची आणि दुसऱ्या हाताने दाबायची असं होतं. पण त्या पुड्या एकदम बंदही करू नका. बरेच महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर बीपी कोसळतं; ते डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतील आणि मग पहिल्या डोसची तारीख देतील.